वरच्या भाईसाहेबांची यादी

यादी करून त्यात स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी घालणारा माणूस या पृथ्वीवर आता एकच उरला आहे, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. लहानपणी सुट्टीत आलात की जिन्यात ज्यांच्या धाकाने तुम्ही दोघे चपला एका रेषेत काढायचात, तेच हे. मी त्यांना भाईसाहेब म्हणते, ते मला बाई म्हणतात, आणि एकोणीस वर्षांत याहून अधिक काही म्हणायची गरज आम्हा दोघांनाही पडलेली नाही. मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्या कपाटातल्या वह्यांवर विषय, इयत्ता आणि तुकडी अशा चिठ्ठ्या अजून आहेत, आणि तुमचे आजोबा मला घरातली मुख्याध्यापिका म्हणायचे ते काही कौतुकाने नव्हे. पण शिस्तीच्या बाबतीत मी जन्मात एकाच माणसापुढे हात टेकले.

उन्हाळ्यात उस्मानपुऱ्यातल्या नळांना पाणी येण्याचा दिवस लांबत गेला की आमच्या इमारतीत टँकर येतो. एका वर्षी त्याच्यावरून जिन्यात भांडणं झाली तेव्हा भाईसाहेबांनी बिऱ्हाडांची यादी करून दारावर लावली. पहिल्या आठवड्यात टँकर त्यांच्या नावापाशी येऊन आटला. दोन दिवस त्यांनी तांब्याभर पाण्यात अंघोळ केली, आणि मी बादली देऊ केली तर म्हणाले, "नक्को बाई. यादी करणाऱ्यालाच पाणी मिळालं तर लोकांना यादीचा भरवसा कसा वाटेल?" पुढच्या आठवड्यात त्यांचं नाव पहिलं यायला हवं होतं, कारण क्रम उलटा करायचा असं ठरलं होतं. पण त्यांनी आधी एक दिवस सगळ्यांच्या घरी जाऊन विचारलं, की क्रम उलटा केला तर तो माझ्या फायद्यासाठी केला असं तुम्हाला वाटेल का. तळमजल्यावरच्या एकाने थट्टेने "हो" म्हटलं. झालं, भाईसाहेब पुन्हा शेवटी.

टेलिफोन खात्यातून ते निवृत्त झाले तेव्हा लोकांनी त्यांना घड्याळ दिलं आणि त्यांनी लोकांना फोरम दिला. फोरम म्हणजे तुमच्या हल्लीच्या ग्रुपांचा आजोबा: हळू चालणारा, पण काही न विसरणारा. कुणीही यावं, एक विषय काढावा, बाकीच्यांनी त्याखाली उत्तरं लिहावीत. पहिल्या पानावर सगळ्या विषयांची यादी. ज्या विषयाला सर्वांत ताजं उत्तर आलं तो वर, ज्याच्याकडे कुणी फिरकलं नाही तो दिवसागणिक खाली. शहरातल्या आणि आसपासच्या माणसांनी तिथे काय काय विचारलं आहे! कुकरची शिट्टी का निसटते, जुन्या दस्तातली मोडी कोण वाचून देईल, नान खलिया घरी करता येतो का, सासूबाई रात्रंदिवस रेडिओ मोठ्याने लावतात, काय करावं. हे सगळं भाईसाहेब वरच्या खोलीत, लोखंडी टेबलापाशी बसून, एकटे सांभाळत आले.

सांभाळत आले, पण मालक म्हणून नव्हे. फोरमचे ते एकमेव चालक, तरी चालकाचं खास नाव वापरून आत जायचं त्यांनी फार पूर्वीच सोडलं होतं. अगदीच काही पुसायचं किंवा झाकायचं असेल तेवढ्यापुरतं जात आणि काम होताच बाहेर येत. एरवी एखाद्या परक्या पाहुण्यासारखं दाराबाहेरून वाचायचे. "मालकाच्या खुर्चीवरून सगळं छानच दिसतं, बाई," असं त्यांचं म्हणणं. एकदा अक्षरं बारीक दिसतात असं त्यांना वाटलं. त्यांनी पाहुण्यांसाठीचा तक्रारीचा अर्ज भरला आणि तो स्वतःलाच पाठवला. मग चालक म्हणून स्वतःला उत्तर दिलं, "आपली तक्रार नोंदवली आहे." अक्षरं मोठी झाली चार दिवसांनी. मधले चार दिवस ते भिंग घेऊन वाचत होते, कारण त्यांच्या आधी आणखी दोघांच्या तक्रारी होत्या.

दुसरं व्रत असं, की विचारणाऱ्याला उत्तराविना ठेवायचं नाही. आठ दिवस एखादा प्रश्न तसाच राहिला की भाईसाहेब पायात चपला घालत. कुणीतरी एकदा जुन्या पितळी स्टोव्हची वात कुठे मिळते असं विचारलं होतं. भाईसाहेब तीन दिवस शहागंजच्या गल्ल्या धुंडाळत होते. तिसऱ्या दिवशी मी भाजी घ्यायला गेले तर एका दुकानापुढे दुकानदार हात जोडून उभा. "चचा, मैं आप को गॅस की शेगडी दिला देता हूँ, लेकिन ये बत्ती का नाम अब नक्को लो." वात सापडली. विचारणाऱ्याने आभारसुद्धा मानले नाहीत. भाईसाहेबांनी त्याच्या विषयापुढे टिक केली आणि त्या दिवशी जेवण चांगलं गेलं असं मला सांगितलं.

आणि नियम. त्या फोरमवर नियम पुष्कळ होते, पण सर्वांत कडक एक. ताजं उत्तर आलेला विषय वर चढतो हे कळल्यावर काही हुशार मंडळी स्वतःच्याच विषयाखाली "कुणी आहे का?" असं दर तासाला लिहून तो वर आणायची आणि बाकीच्यांचे प्रश्न तळाला ढकलायची. भाईसाहेबांच्या दृष्टीने हे रेशनच्या रांगेत कोपर मारून घुसण्यासारखं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, की मधे दुसऱ्या कुणी काही लिहिलेलं नसताना स्वतःच्या विषयाला लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा स्वतःच उत्तर दिलं, तर सूचना मिळेल. सूचना महिन्यातून एकच, आणि तिसरीनंतर आठवड्याने विषय झाकला जाईल. पुसला नव्हे, झाकला. यादीत तो कुणालाच दिसणार नाही. या नियमाला अपवाद नव्हता, कारण अपवाद असेल तर तो नियम कसला, असं मीही त्यांना मान डोलावून म्हटल्याचं आठवतं. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात निरोप आला, की ज्या यंत्रावर हा फोरम इतकी वर्षं ठेवलेला होता ते महिनाअखेरीस कायमचं बंद होणार. नवी जागा मिळाली होती, पण तिथलं सॉफ्टवेअर वेगळं. जुन्या ठिकाणी एकेका विषयाची माहिती दहा कप्प्यांत विखुरलेली. मथळा एकीकडे, लिहिणारा दुसरीकडे, उत्तरं तिसरीकडे. नव्या जागेला ती सगळी एका ठरलेल्या क्रमाने, एकापुढे एक ओवून हवी होती. विषयाचा क्रमांक, मथळा, कुणी काढला, केव्हा, उत्तरं किती, शेवटचं उत्तर कधी, उघडा की बंद, आणि मागे त्याची सगळी उत्तरं. भाईसाहेब याला सिरियलाइझ करणं म्हणत. मला ते शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखं वाटलं. मूल दहा वर्षं शाळेत काय काय करतं, आणि दुसऱ्या शाळेत जाताना त्याचं सगळं सात-आठ रकान्यांत बसवून हातात देतात. रकाना नसेल ते मागे राहतं. दाखलाच निघाला नाही, तर नव्या शाळेच्या लेखी ते मूलच नाही.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी भाईसाहेबांनी त्यासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहिला. तो चालला. पण यंत्रावर विश्वास ठेवून गप्प बसतील तर ते भाईसाहेब कसले. त्यांनी सगळी यादी छापून काढली आणि ती पडताळायला मला बोलावलं. रोज सकाळी दहा ते बारा. मी वाचायचं, त्यांनी टिक करायची. यंत्र बंद व्हायला चार दिवस उरले होते.

"चौदाशे बारा. 'पैठणीची घडी कशी मोडावी.' उत्तरं नऊ. उघडा."

"टिक."

"चौदाशे चौदा. 'कबुतरांचा त्रास.' उत्तरं त्रेपन्न."

"टिक. कबुतरांवर लोक फार बोलतात, बाई."

"चौदाशे तेरा कुठे आहे?"

"पुसला असेल. जाहिरातवाले येतात, त्यांना पुसतो मी."

"पुसलेल्यांची तुमची वही आहे. तिच्यात बघा."

त्यांनी वही पाहिली नाही. म्हणाले, "पुढे चला."

"भाईसाहेब, मुलगा गैरहजर असला म्हणून त्याचा हजेरी क्रमांक पटावरून जात नाही. तेराचं काय झालं?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग चूक कुठे झाली ते त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं. "मी नेहमीसारखा पाहुणा म्हणून बसलो होतो, बाई. प्रोग्रॅमने यादी मागितली ती पाहुण्याच्या नावाने, मग पाहुण्याला जेवढं दाखवतात तेवढंच त्याला दाखवलं." म्हणजे झाकलेले विषय यादीत आलेच नव्हते. वहीतले पुसलेले वजा करून आम्ही मोजले. असे सतरा निघाले. चार दिवसांनी ते यंत्राबरोबर कायमचे गेले असते, आणि मालकाच्या खुर्चीत न बसण्याच्या ज्या सवयीचं मी कौतुक करत आले, तिच्यामुळेच गेले असते.

सोळा विषय भांडणांचे होते. सतरावा, चौदाशे तेरा, वेरूळच्या मास्तरांचा.

हे मास्तर चित्रकलेचे शिक्षक. भाईसाहेब तरुणपणी त्यांच्या घरी टेलिफोनची तार ओढायला गेले, पावसामुळे तीन दिवस तिथेच अडकले आणि पुढे तीस वर्षं दर महिन्याला जात राहिले. मास्तरांच्या बायकोच्या हातचं येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचा आणि खोबऱ्याचा तो आपल्याकडचा मसाला, भाईसाहेबांच्या घरी डबा भरून यायचं. त्या गेल्या. महिन्याभराने मास्तरांनी फोरमवर विषय काढला, "तिचं रोजचं." आणि रोज एक मजकूर लिहू लागले. ती येसर कसं भाजायची. ती कोंबड्यांना काय म्हणून हाक मारायची. दळण आणताना डोक्यावरचा डबा न धरता ती कशी चालायची. त्याखाली कुणी काही लिहिलं नाही. काय लिहिणार? पण रोज लिहिल्यामुळे विषय रोज यादीच्या माथ्यावर. लोकांच्या तक्रारी आल्या, की एकाच माणसाचं सारखं वर दिसतं आणि आमचे प्रश्न खाली जातात. पहिली सूचना गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. तिन्ही छापील: "आपण स्वतःच्या विषयाला लागोपाठ तीनपेक्षा अधिक वेळा उत्तर दिले आहे." एकाहत्तराव्या दिवशी विषय झाकला गेला. त्यानंतर नऊ वर्षं मास्तर फोरमवर आले नाहीत आणि भाईसाहेब वेरूळला गेले नाहीत.

मी विचारलं, "तुम्ही वाचत नव्हता का?"

"रोज वाचत होतो."

"मग एक ओळ लिहायची होती खाली. नियम लागूच झाला नसता. तुम्ही तर कुणालाच उत्तराविना ठेवत नाही."

"तो काही विचारतच नव्हता, बाई," भाईसाहेब म्हणाले. "त्यात प्रश्नच नव्हता. मी उत्तर कशाचं देऊ?"

मुलांनो, मी छापील यादीत बारा आणि चौदाच्या मधे तेराचा आकडा हाताने लिहिला.

मालक म्हणून आत जाऊन सतरा विषय यादीत ओवणं दहा मिनिटांचं काम होतं. सोळा त्यांनी ओवले. तेरा क्रमांकाला हात लावेनात. ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय न्यायचा नाही, आणि विचारायचं तर फोन करायला हवा. सगळ्या तालुक्याला तारा जोडून देणाऱ्या या माणसाने दोन दिवस फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पर्स घेऊन वर गेले आणि म्हणाले, "चला, बसने जाऊ." स्थानकावर आमच्यासमोरून दोन बस भरून गेल्या, कारण दारापाशी झुंबड होती आणि भाईसाहेब रांगेत उभे होते. रांगेत ते एकटेच होते. तिसऱ्या बसच्या वेळी मी, वय वर्षं बहात्तर, कोपर वापरलं आणि खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. ते संपूर्ण प्रवासभर माझ्याशी बोलले नाहीत.

मास्तर ओट्यावर बसून पेरू निवडत होते. वर न बघताच म्हणाले, "या. यादीत नाव हाय का तुमचं?"

भाईसाहेब उभेच राहिले.

"बाई, तुम्ही बसा," मास्तर मला म्हणाले. आम्ही पूर्वी एक-दोनदाच भेटलो होतो. "तुमी कशाला तरास घेतला या माणसासंगं? ह्यो लई कायद्याचा माणूस. बसतानाबी अर्ज करील."

"मास्तर," भाईसाहेब म्हणाले, "फोरम दुसरीकडे चाललाय. उद्या जुनी जागा बंद होते. तुझा विषय नेऊ का?"

मास्तरांच्या हातातला पेरू तसाच राहिला. "कोणता विषय?"

"तुझा. वहिनींचा."

"मंजी? हाय त्यो अजून?"

"आहे."

"मला वाटलं तू पुसला."

"झाकला होता. पुसत नाही मी असं काही."

"नऊ वर्षं, भाई!" मास्तरांचा आवाज एकदम चढला. "नऊ वर्षं मला वाटतंय की गेलं ते. मी तवा फोनवर लिहायचो, त्यो फोन हिरीत पडला. माझ्यापाशी एक अक्षर नाय त्यातलं. पुन्हा लिहाय बसलो तर निम्मं आठवंना. आन् तुझ्यापाशी व्हतं व्हय रे सगळं? कपाटात कुलूप लावून?"

भाईसाहेबांनी तोंड उघडलं.

"माफी नको मागू," मास्तर म्हणाले. "तुला जमायची नाय. दाखव."

ओट्यावर बसून भाईसाहेबांनी फोनवर चालकाचं नाव टाकलं. मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तसं आत जाताना पाहिलं. फोन मास्तरांच्या हातात दिला. मास्तर डोळ्यांजवळ धरून वाचू लागले, ओठ हलवत, हळूहळू. सुनेने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. एका ठिकाणी ते मोठ्याने हसले आणि आम्हाला वाचून दाखवलं. वहिनी एका कोंबड्याला गावातल्या एका तलाठ्याच्या नावाने शिव्या देत, आणि एकदा नेमका तलाठीच दारात उभा होता. भाईसाहेब हसले नाहीत, पण म्हणाले, "तो दिवस मला माहीत आहे. मी होतो तिथं." मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "व्हय, तू व्हतास," ते म्हणाले. "इसरलोच."

मग बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "नव्या जागी पुढं लिहिलं तर चालंल?"

"लिही."

"आन् तुझा नियम?"

"नियम आहेच."

"मग? चौथ्या दिवशी पुन्हा कागद धाडशील?"

"मधे दुसऱ्या कुणाचं आलं तर नियम लागत नाही," भाईसाहेब म्हणाले. "मधे मी लिहीन."

"काय लिहिशील? मी काय इचारतोय थोडंच."

"बघू."

चौदाशे तेरा त्याच दिवशी दुपारी यादीत ओवला गेला. नवी जागा आता सुरू झाली आहे. तिथे फारसं कुणी येत नाही. लोकांचे प्रश्न हल्ली दुसरीकडे विचारले जातात, आणि उत्तरंही तिकडेच मिळत असतील. पण मास्तर रोज सकाळी एक मजकूर लिहितात, आणि त्याखाली तासाभरात भाईसाहेबांचा एक शब्द येतो: "वाचलं." पुन्हा मास्तर, पुन्हा "वाचलं." नियम मोडलेला नाही, बदललेला नाही, आणि त्याला अपवादही केलेला नाही.

मागच्या महिन्यात भाईसाहेबांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. आठ दिवस पडद्याकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांनी मला वर बोलावून ते काम माझ्याकडे दिलं. "एवढंच लिहा, बाई. जास्त नक्को. जास्त लिहिलं की तो उत्तर द्यायला लागतो, आणि त्याचं राहून जातं."

पहिल्याच सकाळी मास्तरांनी लिहिलं होतं, की ती जेवायला कधी हाक मारायची नाही, पातेल्यावर पळी दोनदा वाजवायची. आता सून चांगली हाक मारते, ताट वाढून समोर आणून ठेवते. तरी बसल्या जागी कान तिकडंच असतो.

मी लिहायला घेतलं. इंग्रजीतून आणि मराठीतून, आयुष्यभर निबंध तपासलेली बाई मी. चार वाक्यं चांगली जमली. मग ती पुसली. तुमचे आजोबा संध्याकाळी आले की कडी वाजवण्याआधी खाकरायचे, ते लिहावं असं वाटलं. तेही पुसलं, कारण ते मास्तरांच्या विषयात बसत नव्हतं. शेवटी मीही तेवढाच एक शब्द लिहिला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मग परत येऊन पाहिलं. खाली आणखी काही आलं नव्हतं, आणि ते यायचंही नव्हतं. तरी मी अर्धा तास तिथेच बसले.